वाळूखालचा सुरुंग कधी दिसतो?

चाडच्या उत्तरेला, सहाराच्या वाळवंटात, १९८०च्या दशकात लिबियाशी झालेल्या युद्धातले सुरुंग अजून पुरलेले आहेत. २०१९ साली तिथल्या फाया-लार्जो भागात ‘ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन’ या संस्थेने ड्रोनवर थर्मल कॅमेरा बसवून असे सुरुंग आकाशातून हुडकून दाखवले. हा कॅमेरा वाळूच्या आरपार बघत नाही. पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण टिपून तो फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतो. मग पुरलेली वस्तू कळते कशी?

ते डोळ्यांनी बघावं म्हणून मी एक कॅमेरा उसना आणला. प्लास्टिकच्या चपट्या डब्यात स्फोटकाऐवजी मेण ओतलं आणि तो बांधकामाच्या कोरड्या वाळूत दोन बोटं खोल पुरला. वरून वाळू सारखी केल्यावर नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. दुपारी मात्र पडद्यावर तिथे फिकट, उजळ गोल उमटला. उन्हाची धग खाली झिरपताना डब्याशी अडते आणि वरची वाळू जास्त तापते. ऊन कललं तसा गोल पुसट होत गेला आणि सूर्य मावळल्यावर काही वेळ पार नाहीसा झाला. डबा होता तिथेच होता, पण भोवतालची वाळू आणि त्याच्यावरची वाळू यांचं तापमान एक झालं होतं. अंधार पडल्यावर तोच गोल पुन्हा दिसू लागला, आता गडद. खालची ऊब वर पोचत नसल्याने तेवढा तुकडा लवकर निवला होता.

म्हणजे कॅमेऱ्याइतकीच वेळ महत्त्वाची. भलत्या घटकेला ड्रोन उडवला तर सुरुंगावरून जाऊनही काही दिसणार नाही.

शेजारी मी एक खड्डा खणून रिकामाच बुजवला होता. त्याचाही अंधूक डाग आला, कारण उकरलेली वाळू भुसभुशीत होते आणि वेगळी तापते. मग डब्यावर पाणी शिंपडलं, तर सगळाच भाग थंड दिसू लागला आणि गोल त्यात हरवला. ओल्या मातीत ही पद्धत का लंगडी पडते, ते तिथेच समजलं. दाट गवतातही ती अशीच लंगडी पडते. खोल पुरलेल्या सुरुंगाची खूण तर वर पोचतच नाही.

त्यामुळे ड्रोन संशयाची जागा दाखवतो, तपासायला माणसालाच गुडघ्यांवर बसावं लागतं. आणि चित्रात काही दिसलं नाही, एवढ्यावरून कोणतीही जमीन सुरक्षित जाहीर करता येत नाही.