अडलेले अद्ययावतीकरण

घर बांधून झाले की गवंडी निघून जातो. पुढे दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याची जबाबदारी घरमालकाची असते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते विकले गेल्यानंतरही त्याचे निर्माते त्यातील उणिवा शोधत राहतात आणि सापडलेली उणीव बुजवणारा नवा भाग इंटरनेटवरून आपल्या संगणकाकडे पाठवतात. या क्रियेला अद्ययावतीकरण म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण तिला ‘अपडेट’ म्हणतो. हेच काम संगणक ठरल्या वेळी आपण होऊन करतो, तेव्हा ते स्वयंचलित अद्ययावतीकरण होय. नव्या संगणकावर ते बहुधा निमूटपणे पार पडते. जुन्या संगणकावर मात्र ते वारंवार अडते आणि अडण्याचे कारण पडद्यावरील संदेशातून सहसा उलगडत नाही. ती कारणे कोणती व ती कोणत्या क्रमाने तपासावीत, हे या पाठात पाहू.

घरातील जुना संगणक

म्हैसूर शहरात जयलक्ष्मीपुरम ही निवासी वस्ती आहे. महाजन महाविद्यालय याच वस्तीत आहे आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. असंख्य तरुण जेथे सॉफ्टवेअर लिहिण्याचे शिक्षण घेतात, त्या शहरातही घरातला जुना संगणक अडून बसू शकतो. समजा, या वस्तीत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाकडे २०११ साली घेतलेला संगणक आहे. आधी त्यावर विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती; २०१६ साली तिच्या जागी विंडोज १० आली. आजोबांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लग्नकार्यांची छायाचित्रे आणि नातेवाइकांना लिहिलेली मराठी पत्रे त्यात साठवलेली आहेत. आता हा संगणक वरचेवर ‘अपडेट अयशस्वी’ असा संदेश दाखवतो. अशा वेळी तीन मार्ग संभवतात : संदेशाकडे दुर्लक्ष करणे, अद्ययावतीकरण कायमचे बंद करून टाकणे किंवा अडण्याचे कारण शोधणे. पहिले दोन मार्ग सोपे आहेत; परंतु त्यांची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१७ साली जगाने अनुभवले.

दुर्लक्षाची किंमत

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर उपाय करणारे अद्ययावतीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम त्याच उणिवेतून आत शिरून जगभर पसरला. तो संगणकातील फाइली कुलूपबंद करी आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची झळ पोहोचली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. औषध दोन महिने आधी तयार होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते प्रामुख्याने आजारी पडले.

मोहोरबंद लखोटा

अद्ययावतीकरण अडते का, हे समजण्यासाठी ते घडते कसे हे आधी पाहिले पाहिजे. मायक्रोसॉफ्ट आपल्या नियमित दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, तर भारतात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून आपल्याकडे ते बहुधा बुधवारी जाणवते. संगणक कंपनीच्या दूरस्थ संगणकाशी संपर्क साधतो, आपल्याला काय हवे ते विचारतो, फाइल उतरवून घेतो, तपासतो आणि मग बसवतो.

यातील तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. उतरवलेली फाइल म्हणजे जणू मोहोरबंद लखोटा असतो. तिच्यावर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी खरी आहे काय, वाटेत फाइलीत कोणी ढवळाढवळ केली आहे काय, आणि पाठवणाऱ्याचे ओळखपत्र मुदतीत आहे काय, याची खात्री पटल्याशिवाय संगणक लखोटा उघडत नाही. म्हणजेच नकार देणारा संगणक प्रत्येक वेळी बिघडलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो पहारेकऱ्याचे कर्तव्य करीत असतो. आपण नकाराचे कारण दूर करावे; पहारेकऱ्यालाच घालवून देऊ नये.

आधी राखण, मग दुरुस्ती

कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर काढावी आणि ती संगणकापासून सोडवून ठेवावी. मराठी घरांत येथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये टंकला जात असे. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर पत्र उघडते खरे. पण मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून पत्रांबरोबर त्या फॉन्टची फाइलही जपून ठेवावी.

दुसरी काळजी विजेची. अद्ययावतीकरण बसत असताना वीज गेली, तर काम अर्धवट राहते आणि कधी कधी संगणक सुरूच होत नाही. टेबलावरील संगणकाला यूपीएस जोडलेला असावा. ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना दिसत असताना, कितीही वेळ लागला तरी, मुख्य बटण दाबू नये. जुनी हार्ड डिस्क मंद असते. तिला तासभर लागणे नवलाचे नाही.

कारणांचा क्रम

पहिले कारण घड्याळ. मदरबोर्डवर नाण्याएवढी, ३ व्होल्टची एक बॅटरी असते. संगणक बंद असतानाही ती तारीख व वेळ राखते. रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्याकडे सवय असल्याने या बॅटरीवरचा भार वाढतो आणि काही वर्षांनी ती संपते. मग प्रत्येक वेळी सुरू होताना संगणक कित्येक वर्षे मागच्या तारखेला जातो. त्या तारखेच्या दृष्टीने आजचे ओळखपत्र अजून लागूच झालेले नसते. त्यामुळे संगणक ते नाकारतो. ८००७२एफ८एफ हा त्रुटी-क्रमांक दिसला, तर सर्वप्रथम तारीख, वेळ आणि भारताचा वेळ-विभाग तपासावा. तारीख दुरुस्त करूनही ती पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर बॅटरी बदलावी. तिची किंमत मामुली असते. संगणक उघडण्यापूर्वी विजेची पिन काढून ठेवावी.

दुसरे कारण जागा. अद्ययावतीकरणाला फाइल उतरवण्यासाठी, ती उलगडण्यासाठी आणि जुनी आवृत्ती काही काळ राखण्यासाठी मोकळी जागा लागते. ८००७००७० हा क्रमांक जागेच्या टंचाईचा निदर्शक आहे. डिस्क क्लीनअपच्या साहाय्याने तात्पुरत्या फाइली काढाव्यात. मोठे चित्रपट दुसऱ्या डिस्कवर हलवावेत. विंडोजच्या स्वतःच्या फाइली मात्र हाताने पुसू नयेत.

तिसरे कारण जोडणी. भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवरून संगणक चालवताना ती जोडणी ‘मर्यादित डेटा’ म्हणून नोंदवलेली असेल, तर विंडोज १० बहुतेक अद्ययावतीकरणे आपण होऊन उतरवत नाही. तो बिघड नसून काटकसर आहे. घरच्या ब्रॉडबँडवर किंवा मर्यादेची खूण काढून पुन्हा प्रयत्न करावा.

चौथे कारण अर्धवट उतरलेली फाइल. एकदा खराब उतरलेली फाइलच संगणक पुन्हा पुन्हा बसवू पाहतो आणि पुन्हा पुन्हा फसतो. आधी संगणक रीस्टार्ट करावा. तरीही अडचण राहिली, तर विंडोजच्या सेटिंग्जमधील ट्रबलशूटर चालवावा. तो अद्ययावतीकरणाची सेवा सुरू आहे काय हे पाहतो आणि शक्य तेथे चुका सुधारतो. प्रत्येक उपायानंतर लगेच पुन्हा प्रयत्न करावा. एकदम पाच उपाय केले, तर कोणता लागू पडला हे कळत नाही.

पाचवे कारण काळाचे अंतर. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या अद्ययावतीकरणासाठी जुनी स्वाक्षरी-पद्धत सोडून अधिक भक्कम पद्धत अवलंबिली. त्यानंतर जुन्या सीडीवरून विंडोज ७ नव्याने बसवले, तर त्या संगणकाला नवी मोहोर वाचताच येत नाही. ती वाचण्याची क्षमता देणाऱ्या दुरुस्त्या आधी हाताने बसवाव्या लागतात.

जेव्हा कोणी उत्तरच देत नाही

ही पाचही कारणे दूर केली तरी एक शक्यता उरते : पाठवणाऱ्याने पाठवणेच थांबवलेले असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० च्या ज्या घरगुती ग्राहकांनी नोंदणी केली, त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आणखी एक वर्षाची मुदत देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असते. २०११ च्या संगणकात ती नसते. असा संगणक टाकून द्यावा असे मात्र नाही. त्यावर लिनक्सची एखादी हलकी, मुक्त कार्यप्रणाली बसवता येते. किंवा इंटरनेटपासून तोडून तो केवळ लेखनासाठी वापरता येतो. बँकेचे व्यवहार तेवढे त्यावर करू नयेत.

अद्ययावतीकरणही चुकते

येथे एक रास्त शंका उपस्थित होते : अद्ययावतीकरणातूनच संकट आले तर? तसे घडलेलेही आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून बाहेर पडला. हल्लेखोरांनी निर्मात्याच्याच यंत्रणेत शिरकाव केला होता. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यामुळे ठप्प झाले आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदराच्या एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून अद्ययावतीकरण बंद करावे काय? नाही. या घटनांपासून घ्यायचा धडा वेगळा आहे. अद्ययावतीकरण चुकू शकते, यासाठीच फाइलींची प्रत वेगळी ठेवायची. तसेच अद्ययावतीकरण केवळ कार्यप्रणालीच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून घ्यायचे. संकेतस्थळ पाहताना अचानक झळकणारी ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, येथे दाबा’ अशी पाटी किंवा संगणक दुरुस्त करून देतो असे सांगणारा अनोळखी दूरध्वनी, हे सापळे असतात. त्यात पैसे गेले, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर कळवावे.

दर महिन्याला येणारी ही लहानशी दुरुस्ती म्हणजे दूरच्या निर्मात्याने पाळलेला शब्द असतो. तो आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. संदेश वाचण्याचा धीर आणि एका वेळी एकच कारण तपासण्याची शिस्त पुरेशी असते. घरातील कागदपत्रे, पत्रे आणि छायाचित्रे त्या शिस्तीवरच सुरक्षित राहतात.

स्वाध्याय

१. अद्ययावतीकरणाच्या फाइलीला लेखात ‘मोहोरबंद लखोटा’ का म्हटले आहे?
२. मदरबोर्डवरील बॅटरी संपल्याने अद्ययावतीकरण कसे अडते, ते स्पष्ट करा.
३. जुनी मराठी पत्रे जपताना कोणती विशेष काळजी घ्यावी?
४. ‘अद्ययावतीकरण चुकू शकते, म्हणून ते बंद करावे’ या मताविषयी तुमचे विचार आठ-दहा ओळींत लिहा.