पालावरचं बाळंतपण

भात झोडून झालं, दिवाळी आटोपली, की त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूलकडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबं गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उतरतात आणि तिथून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर जातात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग काढणी. मुक्काम मळ्याच्या कडेला, ताडपत्रीच्या पालात. ही माणसं निर्वासित नाहीत. जिल्ह्याची हद्दही त्यांनी ओलांडलेली नसते. पण निर्वासितांच्या छावणीत बाईला जे किमान मिळालंच पाहिजे असं जगानं मान्य केलं आहे, त्याची हमी या पालांना नाही.

हे किमान ठरायलाही वेळ लागला. पूर्वी छावणी म्हणजे पाणी, धान्य, तंबू आणि साथरोगांवरची लस. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे निर्वासित राहिले, फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर उभं राहिलं. तिथेही बायका बाळंत झाल्याच असणार. पण बाळंतपण, गर्भनिरोधन, लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार हा तातडीच्या मदतीचा भाग आहे, हे १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेनंतर ठामपणे मांडलं गेलं. त्याच वर्षी रवांडातून लाखो लोक पळाले होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून किमान सेवासंच आखला. स्वच्छ बाळंतपणासाठी साबण, प्लॅस्टिकची चादर, नवं पातं, नाळ बांधायला दोरा. तपासलेलं रक्त, निरोध, अडलेल्या बाईला रुग्णालयात नेण्याची सोय. आणि एचआयव्हीचे उपचार आधीपासून घेणाऱ्यांच्या गोळ्या खंडू न देणं. पाहणीची वाट न बघता हे सगळं लगेच सुरू करायचं, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग.

आपल्याकडे योजना नाहीत असं नाही. आदिवासी पाड्यावरच्या गरोदर बाईला अंगणवाडीतून २०१५ पासून अमृत आहाराचं एक वेळचं जेवण आहे, आशाताई आहे, माता-बाल संरक्षण कार्ड आहे. पण हे सारं गावाला बांधलेलं. सातव्या महिन्यात ती टोळीबरोबर निघाली की नाव गावच्या रजिस्टरमध्ये राहतं आणि पोट मळ्यावर. तिकडच्या आशेच्या यादीत तिचं पाल सहसा नसतं. कळा रात्री सुरू झाल्या तर गाडी कुणाची, दवाखाना कुठला, हे ठरवण्यातच वेळ जातो. दिवसभर दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो, म्हणून तपासणी टळते.

टाळण्याचं टोक बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीतले आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळी, अंगावरून जाणं, पोटदुखी यांवर फडाजवळ साधे उपचार मिळाले असते, तर यांतल्या कितीतरी जणी शस्त्रक्रियेपर्यंत गेल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत उपचारांतला खंड आणखी महागात पडतो. सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधं २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. आईनं नियमित गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध दिलं तर ती पाच टक्क्यांखाली येते. सारा भार त्या ‘नियमित’वर. एकाच पालात सहा-सात माणसं असताना गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? टोळीत कळलं तर पुढच्या हंगामाला मुकादम नेईल का? २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं गुप्ततेचा आणि भेदभावापासून संरक्षणाचा हक्क दिला आहे. तो पालापर्यंत पोचवायला विश्वासातलं माणूस लागतं, शक्यतो कोकणा, वारली बोलणारं.

हे अवघड आहे, अशक्य नाही. याच त्र्यंबकेश्वरात २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थात लाखो लोकांसाठी तात्पुरते दवाखाने, शौचालयं, रुग्णवाहिका उभ्या राहिल्या, आणि आता पुढच्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. गिरणाऱ्याचा बाजार तर दरवर्षी ठरल्या काळात, ठरल्या जागी भरतो. तिथे हंगामाच्या सुरुवातीला एक टेबल मांडावं: गरोदर बायकांची नोंद, ज्या मळ्यावर चालल्या त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव आणि तिथल्या परिचारिकेचा फोन कार्डावर, आडोशाला एचआयव्ही तपासणी, आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना एआरटी केंद्राकडून काही महिन्यांच्या गोळ्या एकदम. तिकडच्या आशेला पालावरच्या भेटीचा वेगळा मोबदला द्यावा. त्यासाठीचा पैसा जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातच मागायला हवा, म्हणजे पुढच्या छाटणीआधी तो हाताशी असेल.