कंबोडियाला निघण्यापूर्वी : कोणाचा शब्द मानावा?

मंडळी, ‘अंगकोर वाट बघायला जायचंय, काय काय लागतं ते सांगा’ ही मागणी आता ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या श्रोत्यांकडून वारंवार येते. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. आमच्याकडे याद्या कमी आणि प्रश्न जास्त. पण हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. कारण प्रवासाची माहिती म्हणजे नव्वद टक्के दुसऱ्याचा शब्द. आपण स्वतः पाहिलेलं नसतं, तर्कानेही ते कळत नाही. न्यायशास्त्राने याला शब्दप्रमाण म्हटलं आणि अट घातली, की सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाच्या मते ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, हे लक्षण सर्वांना सारखंच लागू. म्हणजे सिएम रीपचा टुकटुकवाला तिथल्या रस्त्याबाबत आप्त ठरतो, आणि व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला मजकूर ठरत नाही. तो मूळ कोणी लिहिला हेच माहीत नसतं.

व्हिसापासून सुरू करू. भारतीयांना कंबोडियाचा पर्यटक व्हिसा घरबसल्या ऑनलाइन काढता येतो. तो देणारं तिथलं परराष्ट्र खातं आहे आणि त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘इव्हिसा डॉट गव्ह डॉट केएच’ असा संपतो. शेवटचं ‘गव्ह डॉट केएच’ नीट वाचा. तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, ती वर आपले पैसे लावतात आणि कधी अर्जच चुकीचा भरतात. फी आम्ही इथे सांगत नाही, ती बदलते, तिथेच पाहा. याशिवाय पोचण्याआधीच्या सात दिवसांत ‘ई-अरायव्हल’ हा फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. त्याचे कोणी पैसे मागितले, तर माणूस आप्त नाही असं खुशाल समजावं.

पासपोर्टची मुदत पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. नूतनीकरणाला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं, तर ते तिकीट काढण्याआधी. आता नावाकडे या, कारण मराठी माणसाचा घोटाळा इथेच होतो. आपलं नाव तीन पदरी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टात दोनच चौकटी असतात, आणि मधलं नाव बहुधा पहिल्या चौकटीत स्वतःच्या नावाला चिकटून बसतं. बायकांच्या बाबतीत आधार कार्डावर सासरचं नाव आणि पासपोर्टावर माहेरचं, असंही असतं. नाव म्हणजे व्यक्ती नव्हे, हे आम्ही वर्गात तास तास सांगितलं. पण विमानतळाच्या काउंटरवर नाव म्हणजेच व्यक्ती! पासपोर्टच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. तिथे जसं नाव आहे तसंच, तितकंच, तिकिटावर आणि व्हिसावर हवं.

शब्दप्रमाणाला आणखी एक अडचण आहे. सांगणारा प्रामाणिक असतो, पण त्याचं सांगणं शिळं झालेलं असतं. ‘विमानतळ गावातच आहे, दहा मिनिटांत हॉटेल’ हे शेजारी खरंच सांगतात, कारण ते २०१९ साली गेले होते. सिएम रीपचा नवा विमानतळ १६ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला आणि तो शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आहे. दुसरा जुना सल्ला ‘बँकॉकला उतरा, तिथून बसने जा’ हा. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यांत सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद पडली. निघायच्या आठवड्यात परिस्थिती पाहिल्याशिवाय त्या वाटेचा विचारही करू नये. बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूरला विमान बदलणार असाल, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली, तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि मग त्या मधल्या देशात शिरण्याचे कागदही लागतात.

पैशांचं थोडक्यात. तिथे रियल चालतो आणि अमेरिकन डॉलरही चालतो. डॉलरला साधारण चार हजार रियल. मात्र फाटकी, डाग पडलेली, पेनाने आकडा लिहिलेली नोट दुकानदार परत करतो. अधिकृत चलन विक्रेत्याकडून कोऱ्या आणि लहान नोटा मागून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, नुसतं कंपनीचं नव्हे. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. गंभीर आजार झाला तर रुग्णाला बऱ्याचदा बँकॉकला हलवावं लागतं, आणि लपवलेल्या आजाराचं बिल विमा कंपनी नाकारते. शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको, मासे नको, माशाचा सॉसही नको’ हे हॉटेलवाल्याकडून ख्मेर लिपीत चिठ्ठीवर लिहून घ्यावं. माशाचा सॉस आणि प्राहोक ही आंबवलेल्या माशांची चटणी तिथे भाजीतही पडते.

आता ज्यासाठी जायचं ते. जाण्याआधी एक दिवस अंबरनाथचं शिवमंदिर नीट पाहून या. ते १०६० सालचं, शिलाहारांचं. अंगकोर वाट त्यानंतरचं, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलेलं. अंबरनाथला गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. अंगकोरला उलट, सर्वांत वरच्या मजल्यावर खड्या जिन्याने चढावं लागतं. गुडघे दुखत असतील त्यांनी तो मोह सोडावा, कारण खालच्या भिंतींवरच दिवस पुरत नाही. पश्चिमेच्या दारातून शिरून उजवीकडे वळा : आधी कुरुक्षेत्र, मग पुढे पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन. हा क्रम आपल्या प्रदक्षिणेच्या उलटा, अपसव्य आहे. म्हणून काही अभ्यासक या मंदिराचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी जोडतात. ‘हे सगळं आपलंच’ असं मात्र तिथल्या गाइडला ऐकवू नये. ते ख्मेर लोकांनी बांधलं आणि आज तिथे बुद्धाची पूजा चालते. आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ तिथे डागडुजी केली, हे सांगायला हरकत नाही.

तिकीट मंदिराच्या दारात मिळेल असं धरू नका. ते अधिकृत कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर घ्यावं. २०१७ पासूनचा दर एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२. त्यावर तुमचा फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज उत्तम.

शेवटी एक गोष्ट, पर्यटकांपेक्षा त्यांच्या घरातल्या तरुणांसाठी. ‘कंबोडियात डेटा एन्ट्रीची नोकरी, पगार मोठा, सध्या टुरिस्ट व्हिसावर या’ असा निरोप येतो. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. २०२४ च्या मार्चअखेर परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की सुमारे २५० भारतीयांना तिथून सोडवून परत आणलं आहे. निरोप देणारा बहुधा ओळखीचाच असतो, मित्राचा मित्र. ओळखीचा आहे म्हणून तो आप्त होत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे त्याचं पहिलंच वाक्य खोटं. एजंटाची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. आणि नॉम पेन्हच्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर, पर्यटक असा वा कोणी, कागदावर लिहून पासपोर्टापासून वेगळा ठेवा. मोबाइलही काढून घेतला जाऊ शकतो.