सरबताच्या पेल्यामागची माणसे

संध्याकाळची शिकवणी आटोपली, की माझी स्वारी बडोद्याच्या जुन्या कॅम्पाकडे वळते. तिथे रेसिडेन्सी होती. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष निघाले. रेसिडेन्सीतले नोकर फितवून हेरगिरी करविली व विष घालविले, असा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. चौकशी मंडळ सहा जणांचे. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. जयाजीराव शिंदे, जयपूरनरेश आणि सर दिनकरराव यांना आरोप शाबीत वाटला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराजांची गादी गेलीच!

ही हकीगत आपणां जुन्या घराण्यांना ठाऊक आहे. मी मात्र तिथे अमीना आया, रावजी हवालदार, नरसू जमादार यांना शोधतो. चाकरी साहेबाची, बोलावणे वाड्याचे; नाही कोणाला म्हणावे?

माझे वडील दरबारी गवई. ते सांगत, "वाड्यात कान सुरापुरते उघडे. बाकी कानांवर आलेले देवडीवर ठेवून यायचे." लहानपणी मला तो अदबीचा धडा वाटे. वाचकहो, आता वाटते, ती भीती होती.