पाऊल अडते कुठे?

पावसाळा लागला की राधानगरीपासून खाली कोल्हापूरपर्यंत एक प्रश्न रोज विचारला जातो : किती दरवाजे उघडले? राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते माणसाचा हात न लागता उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. पातळी उतरली की मिटतात. मेंदूचे दोन भाग एकमेकांशी कसे बोलतात हे वाचताना मला या दरवाज्यांचा फार उपयोग झाला. मात्र ही उपमा एका ठिकाणी मोडते, आणि आजार नेमका तिथेच आहे.

उठावे, पाणी मागावे, पाय हलवावा असे बेत मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, तयार होतात. एका वेळी अनेक बेत तयार असतात. त्यांतला एक सोडायचा आणि बाकीचे थोपवायचे, या कामात मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कॉर्टेक्सचा निरोप प्रथम यांतल्या स्ट्रायटमकडे जातो, तिथून ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागाकडे, मग थॅलॅमसकडे, आणि थॅलॅमसकडून पुन्हा कॉर्टेक्सकडे. म्हणजे निरोप जिथून निघाला तिथेच परत येतो. स्नायूंना हुकूम देणारा शेवटी कॉर्टेक्सच. खालून फक्त परवानगी येते.

परवानगीची तऱ्हा मजेशीर आहे. पॅलिडसच्या पेशी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा संदेश धाडत असतात, आणि त्यांचा प्रत्येक संदेश थॅलॅमसला 'नाही' असाच असतो. दार बंद असणे हीच नेहमीची स्थिती. स्ट्रायटमच्या पेशी एरवी जवळजवळ गप्प असतात. कॉर्टेक्सने पुरेसा जोर लावला की त्या बोलतात, आणि त्यांचा शब्दही 'नाही' हाच! पण तो पॅलिडसला उद्देशून असतो. क्षणभर पॅलिडस गप्प होतो, थॅलॅमस मोकळा होतो, हालचाल सुरू होते. दोन नकारांचा एक होकार होतो हे आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलो. मेंदू ते कधीपासून वापरतो आहे.

याखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक वाट वळसा घेऊन जाते आणि नकार उलट घट्ट करते. नको असलेले बेत तिच्यामुळे दाबले जातात. दुसरी कॉर्टेक्सकडून थेट सबथॅलॅमिक केंद्रकाकडे जाते. ती सर्वांत वेगवान. रस्ता ओलांडायला उचललेले पाऊल गाडी दिसताच जागीच थबकते, त्यात हिचा हात असावा असे मानतात.

आता उपमा कुठे मोडते ते पाहू. धरणाचा दरवाजा पाण्याच्या जोरावर उघडतो. मेंदूत नुसता कॉर्टेक्सचा जोर पुरत नाही, डोपामिन लागते. मध्यमेंदूतल्या काळपट रंगाच्या पेशी ते स्ट्रायटमला पुरवतात. डोपामिन उघडणाऱ्या वाटेला बळ देते आणि घट्ट करणाऱ्या वाटेला सैल करते. या पेशी मरू लागल्या की दोन्हीकडून दार बंद होण्याकडे कल जातो. हाच पार्किन्सनचा आजार, आपला कंपवात. त्यावरचे मुख्य औषध लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनते. हे द्रव्य आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते त्यांतून वेगळे काढल्याची नोंद आहे. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. मात्रेचा भरवसा नसतो.)

पूर्वी समज असा होता, की कॉर्टेक्सच्या सगळ्या भागांतले निरोप इथे नरसाळ्यात ओतल्यासारखे एक होतात आणि हालचालीच्याच कामी येतात. अलेक्झांडर, डिलाँग आणि स्ट्रिक यांनी १९८६ मध्ये वेगळे चित्र मांडले : हालचाल, डोळ्यांची फिरत, विचार, भावना यांची चक्रे बऱ्याच अंशी समांतर चालतात. पार्किन्सनचा रुग्ण नुसता हळू चालत नाही, त्याचा पुढाकारही मंदावतो, याचा अर्थ मला तेव्हा लागला. घरचे त्याला 'आळस' म्हणतात.

दरवाज्याचे हे चित्रही अपुरेच आहे. शस्त्रक्रियेने पॅलिडसचा भाग निकामी केला तर हालचाली सैरावैरा सुटायला हव्यात; प्रत्यक्षात रुग्णाला बरे वाटते. म्हणून अलीकडे आवाजाच्या पातळीपेक्षा तालाकडे जास्त लक्ष आहे. या आजारात पेशींचे मोठे समूह सेकंदाला साधारण १३ ते ३० या ठेक्यात एकत्र धडधडू लागतात. सगळे एका सुरात ओरडू लागले की कोणाचाच निरोप कळत नाही. मला हे म्हणणे अधिक पटते.

आमच्या भावकीतले एक चुलते या आजाराचे. सपाट अंगणात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत, दाराच्या चौकटीत तर हमखास. तेच चुलते भाताच्या खाचरातले बांध एकामागून एक ओलांडत जात. 'बांधावर बरं जमतंय, मग दारातच काय होतंय?' असे लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. सोंग करतात असा बोभाटा झाला.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिले. सपाट जमिनीवर अडणारे काका जिना सहज उतरत. तिने जमिनीवर जिन्याचे फसवे चित्र अंथरले, आणि त्यावरून ते चालत गेले. २०१५ साली डेल्फ्टच्या व्याख्यानात तिने हे दाखवले. लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात जमिनीवरच्या आडव्या रेघांचा असाच परिणाम नोंदवला होता. सर्वमान्य होत आलेला खुलासा असा : आपोआप पडणाऱ्या पावलाला बेसल गँग्लियाची परवानगी लागते, पण डोळ्यांसमोर ओलांडायचे काही असले, की दृष्टी आणि लघुमेंदू यांच्या आधाराने कॉर्टेक्स दुसऱ्या वाटेने पाऊल टाकून घेतो. पायात ताकद असतेच, अडथळा वरच्या संवादात असतो. चुलत्यांचा बांध म्हणजे रानातली आडवी रेघच होती.

रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, एकेका पावलाच्या अंतरावर, जमिनीहून उठून दिसणाऱ्या रंगाच्या. उभ्या रेघांचा उपयोग होत नाही. पाय अडलेल्या माणसाला हात धरून ओढू नये, तो पडतो. थांबू द्यावे, समोर आपला पाय आडवा ठेवावा आणि 'हा ओलांडा' म्हणावे. आम्ही अंगणात चुन्याच्या पट्ट्या ओढल्या. पावसाने धुपल्या की पोरे पुन्हा ओढत, आणि चुलते त्यांवरून उंबऱ्यापर्यंत येत.