पोटदुखीमागचा मोबाइल

आठवी-नववीतले मूल वारंवार पोट दुखते म्हणते. झोप लागत नाही, शाळेत जायला नको वाटते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल येते. अशा वेळी परीक्षेचा ताण, घरातले वाद यांच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी लागते: मोबाइलवरून कुणी त्रास देते का? वर्गाच्या ग्रुपवर चाललेली टिंगल किंवा फोटो पसरवण्याची धमकी हे या दुखण्याचे कारण असू शकते.

ही पोटदुखी खोटी नसते. सतत भीती असली की शरीरात ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. आतड्यांची हालचाल बिघडते, झोप उडते.

मूल सांगत नाही, कारण ‘आधी मोबाइल काढून घेतील, मग ओरडतील’ ही धास्ती. धमकावणाऱ्याचे नेमके यावरच फावते. म्हणून ‘काहीही झाले तरी आम्हाला सांग, आधी ऐकून घेऊ’ हा शब्द पालकांनी द्यावा आणि पाळावा.

शाळेत व घरी तीन गोष्टी शिकवायला हव्यात.

सुरक्षितता: पासवर्ड, ओटीपी, खासगी फोटो कुणालाही देऊ नयेत. धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत. मेसेज पुसून न टाकता स्क्रीनशॉट ठेवावेत आणि मोठ्या माणसाला सांगावे. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

जबाबदारी: १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री सगळ्यांचेच मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत, आई-बाबांचेही.

नीती: दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता पुढे पाठवू नये. एआयने बनवलेल्या खोट्या चित्रानेही खऱ्या मुलीची बदनामी होते. १८ वर्षांखालील मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, पाठवणे, डाउनलोड करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. ‘गंमत केली’ म्हणून सुटका होत नाही.

मूल एकलकोंडे झाले, जेवण तुटले, ‘जगून काय करू’ असे बोलू लागले, तर वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतात. दोन्ही घरात दिसतील असे लिहून ठेवावेत.