पाण्याची गोळी

सकाळी लघवीला जाऊन आले की अण्णा चहाच्या आधी काट्यावर उभे राहतात. काटा ओसरीतल्या ठरलेल्या एकाच फरशीवर असतो. दुसरीवर ठेवला की आकडा हलतो. ६१.४. मी कॅलेंडरवर लिहितो. मग नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत मोजतो आणि उचलतो. हृदय दमलं की पाणी असं पायांत उतरतं. पडलेला खड्डा भरायला जितका वेळ, तितकी सूज जास्त. बदनापूर तालुक्यातल्या आमच्या घरात दिवस असाच उगवतो.

मग गोळी. फ्युरोसेमाइड, ४० मिलिग्रॅम. घरात तिला 'पाण्याची गोळी' म्हणतात. ती मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, मिठापाठोपाठ पाणी निघून जातं आणि छातीवरचं दडपण उतरतं. तासाभरात अण्णांच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणूनच गावाला जायच्या दिवशी ती नकोशी वाटते. वैशाखात अंबडला लग्न होतं. "आज गोळी राहू दे, यष्टी काय माझ्यासाठी थांबती का?" अण्णा म्हणाले आणि मी मान डोलावली. चूक माझीच. दोन दिवस गोळी नाही, त्यात पंगतीतलं लोणचं-पापड. तिसऱ्या दिवशी वजन अडीच किलोंनी वाढलं आणि ती रात्र त्यांनी उशांना टेकून, बसून काढली. आडवं झालं की जीव घाबरायचा. आता डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर गोळी देतो.

पण लघवीवाटे नुसतं पाणी जात नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम जातं. पायात गोळे येतात, ठोके चुकू शकतात. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही जातं. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, जेवणातून भर पडली नाही तर काही आठवड्यांत संपणारा. त्याच्या टोकाच्या अभावात बेरीबेरी होतो आणि त्यातही हृदय थकून अंग सुजतं. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांना कोंड्याबरोबर बी-१ गमावलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या. त्या शोधाला १९२९ साली नोबेल मिळालं. १९९१ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ही गोळी घेणारे २३ रुग्ण तपासले, तर २१ जणांत थायमिन कमी निघालं. ते भरून दिल्यावर काहींचं हृदय जरा बरं चाललं. पुढच्या प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत. त्यामुळे ताकदीच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. अण्णांची भूक मेली तेव्हा डॉक्टरांनी स्वतःहून बी-१ लिहून दिलं, तेवढंच चालू आहे. पाण्याची गोळी त्यामुळे सुटलेली नाही.

बाकीचं आई चुलीपाशी सांभाळते. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मीठ न घातलेली तिळाची चटणी. तांदूळ ती चोळचोळून धूत नाही, भाताचं पाणी काढून टाकत नाही. तिला थायमिन हा शब्द माहीत नाही. "सत्त्व पाण्यात जातं" एवढं तिच्या सासूनं सांगितलेलं.

अडलंय मोसंबीवर. घरामागे दोन झाडं लगडली आहेत आणि अण्णांना ग्लासभर रस हवा आहे. पण मोसंबीत पोटॅशियम असतं, त्यांची दुसरी गोळी तेच धरून ठेवणारी, आणि दिवसभराच्या पाण्याचंही माप ठरलेलं. सोमवारी जालन्याला रक्त तपासायला न्यायचंय. तोवर चार फोडी, बिनमिठाच्या.